घरातल्या इंटरनेटवर आधी नंबर कोणाचा?

तुमच्या घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. स्पीड टेस्ट केली तर आकडाही जवळपास तोच दिसतो. तरीही सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलायच्या म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला, की नेमकं "अर्धी गोळी..." इथपर्यंत ऐकू येतं आणि डॉक्टरांचा चेहरा पडद्यावर थिजतो. अर्धी गोळी सकाळी की रात्री? जुनीच की नवी? पुन्हा कॉल लावेपर्यंत डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळलेले असतात.

त्याच वेळी घरात आणखी काय चाललेलं असतं पाहा. मुलाचा गेम अपडेट होतोय, ५० जीबीचा. ज्या लॅपटॉपवरून तुम्ही बोलताय, तोच लॅपटॉप गणपतीचे सगळे फोटो आणि व्हिडिओ गुपचूप क्लाउडवर चढवतोय. विंडोजलाही आजच अपडेटची आठवण झालीय. यातलं काहीच गैर नाही, आणि यातलं काहीच त्या १५ मिनिटांत व्हायलाच हवं असंही नाही. पण संगणकाला हे कोणी सांगितलेलंच नसतं. त्याच्या लेखी डॉक्टरांचा आवाज आणि मोदकांचे फोटो सारखेच.

बेंगळुरूत असे प्रसंग जरा जास्तच येतात, कारण इथलं घर म्हणजे अर्धं ऑफिस. व्हाइटफील्ड असो की जयनगर, एका खोलीत स्टँडअप मीटिंग, दुसऱ्या खोलीत क्लास, हॉलमध्ये टीव्हीवर मालिका, आणि हे सगळं एकाच वायरवर. अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो प्लॅन वाढवण्याचा. कंपनीचा माणूसही तोच सुचवतो. माझं म्हणणं असं, की पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ या विषयाला द्या.

वेग पुरेसा असतो, रांग लांब असते

कॉलला मुळात लागतं तरी किती? नुसत्या आवाजाला १०० केबीपीएससुद्धा पुष्कळ होतात. झूमच्या शिफारशीप्रमाणे दोघांमधल्या ७२०पी व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना सुमारे १.२ एमबीपीएस पुरतात. म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनमधला एक कोपरा. मात्र त्याला ते लगेच हवं असतं. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मानक सांगतं. त्याच्या पलीकडे गेलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

उलट गेमच्या अपडेटला ५० जीबी हवेत, पण ते आज रात्री मिळाले काय नि उद्या सकाळी मिळाले काय, मुलाच्या कुरकुरीपलीकडे फरक पडत नाही. घाई असलेल्याला थोडंच हवं असतं आणि ज्याला खूप हवं असतं त्याला घाई नसते. तुमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला हे बरोबर ओळखतो. महिन्याची यादी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला "दोन मिनिटं हं" म्हणून तो काडेपेटी मागणाऱ्याला आधी मोकळं करतो. यादीवाल्याचं काही बिघडत नाही, काडेपेटीवाल्याचा वेळ वाचतो. घरातल्या इंटरनेटला एवढंच शिकवायचं आहे.

आता रांग कुठे लागते ते पाहू. बहुतेक वेळा ती अपलोडच्या, म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या दिशेला लागते. आपण प्लॅन घेताना डाउनलोडचाच आकडा बघतो. काही जोडण्यांवर अपलोड त्याच्या मानाने फारच कमी असतो. समजा तो १० एमबीपीएस आहे. फोटो चढवणारा प्रोग्रॅम रस्ता दिसला की भरधाव माल पाठवतो आणि रस्त्यात न मावणारा माल राउटरच्या स्मरणात साठत जातो. तिथे एक एमबी, म्हणजे ८ मेगाबिट माल तुंबला, तर १० एमबीपीएसच्या वाटेने तो बाहेर पडायला ०.८ सेकंद लागतात. तुमच्या आवाजाचा इवलासा तुकडा या रांगेच्या शेवटी उभा राहतो. १५० मिलिसेकंदांची मर्यादा आणि ८०० मिलिसेकंदांची रांग. कॉल तुटणार नाही तर काय होणार?

गंमत म्हणजे अपलोड तुंबला की डाउनलोडही रडतखडत चालतो. कारण आलेल्या प्रत्येक मालाची पोच तुमच्या संगणकाला परत पाठवावी लागते आणि ती पोचही त्याच रांगेत अडकते. पोच मिळेपर्यंत समोरचा पुढचा माल सोडत नाही.

हा रोग जिम गेटिस या अमेरिकन अभियंत्याने २०१० मध्ये स्वतःच्या घरात पकडला. घरातून मोठी फाइल पाठवताना सगळंच इंटरनेट का लोळण घेतं, याचा तो माग काढत होता. मुलं इंटरनेट मंद झाल्याची तक्रार करायची ती वेगळीच. त्याला दिसलं ते असं: स्मरणाच्या चिप स्वस्त झाल्या, म्हणून राउटर बनवणाऱ्यांनी 'असू दे जास्त' म्हणत मोठमोठ्या साठवणी ठेवल्या आणि त्यातून रांगा लांबत गेल्या. या दुखण्याचं नाव पडलं बफरब्लोट, म्हणजे फुगलेली साठवण. सिल्क बोर्डच्या सिग्नलआधी आठ पदरी वाहनतळ बांधला तर गाड्या मावतील पुष्कळ, पण ऑफिसला कोणी लवकर पोचणार नाही.

स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी

बेंगळुरूत राहून हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो, म्हणतो, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" आणि सगळे सरकतात. इंटरनेट चालतं ते याच तत्त्वावर. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यातला दुवा असा काही तुंबला, की ३२ हजार बिट प्रतिसेकंदांवरून वेग ४० बिटांवर आला. अंतर जेमतेम ४०० यार्ड. चालत जाऊन कागद देणं जास्त जलद झालं असतं. त्यातून व्हॅन जेकबसनने १९८८ मध्ये सावरण्याची पद्धत मांडली: माल हरवतोय असं दिसलं की प्रत्येकाने आपला वेग कमी करायचा, मग हळूहळू वाढवायचा. आजही आपले संगणक याच विचाराच्या सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात.

पण या समजूतदारपणात एक पळवाट आहे. सरकून घेण्याचा हिशेब माणसामागे किंवा प्रोग्रॅममागे होत नाही, जोडणीमागे होतो. एखादा डाउनलोड करणारा प्रोग्रॅम एकाच वेळी ३० जोडण्या उघडून बसला आणि तुमच्या कॉलची एकच असली, तर बाकावर तो ३० जणांची जागा अडवतो आणि शिवाय म्हणतो, मी तर नियमानेच वागतोय. म्हणून संगणकावर सगळं आपलं आपण सुरळीत होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. कोणीतरी घरच्या वडीलधाऱ्यासारखं मध्ये पडावं लागतं.

खातंय कोण?

आधी खात्री करा. नेटफ्लिक्सची 'फास्ट डॉट कॉम' ही वेगचाचणी उघडा आणि वेगाचा आकडा आला की अधिक माहितीचं बटण दाबा. तिथे लेटन्सीचे दोन आकडे दिसतात: रस्ता रिकामा असतानाचा 'अनलोडेड' आणि रस्ता भरलेला असतानाचा 'लोडेड'. रिकामा असताना १० आणि भरल्यावर ३०-४० मिलिसेकंद असेल, तर तुमची जोडणी शहाणी आहे. दुखणं दुसरीकडे शोधा, बहुधा वायफायमध्ये. पण १० चे ४००-५०० होत असतील, तर आपण बोलतोय तोच हा रोग. मोठा प्लॅन घेऊन तो थोडा झाकला जाईल, बरा होईलच असं नाही.

मग गुन्हेगार शोधा. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या 'नेटवर्क' या रकान्यावर क्लिक केलं की जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. आणखी बारकाईने पाहायचं तर 'रिसोर्स मॉनिटर' उघडा. तिथे कोण किती पाठवतंय आणि कोण किती घेतंय हे वेगवेगळं दिसतं. मॅकवर हेच काम 'अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर'चं नेटवर्क पान करतं. पाठवणाऱ्यांचा रकाना आवर्जून बघा. तिथे बहुतेक वेळा फोटोंचा बॅकअप सापडतो, ज्याच्याकडे वर्षभर कोणी ढुंकून पाहिलेलं नसतं.

टास्क मॅनेजरमध्येच प्रोग्रॅमवर उजवं बटण दाबून 'प्रायॉरिटी' वाढवता येते. ते पाहून पुष्कळांना वाटतं, की झूमला 'हाय' केलं की झालं. त्याने प्रोसेसरवरचा नंबर वर जातो, इंटरनेटवरचा नाही. अशीच आणखी एक टीप वर्षानुवर्षं फिरतेय: विंडोज तुमच्या वेगातला २० टक्के स्वतःसाठी राखून ठेवतं आणि एक सेटिंग बदललं की तो मोकळा होतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या काळातच याचा खुलासा केला होता. एखाद्या प्रोग्रॅमने अग्रक्रम मागितला तरच ती राखीव जागा लागू होते, एरवी सगळा वेग सगळ्यांना खुलाच असतो. ते सेटिंग शोधण्यात संध्याकाळ घालवू नका.

लगाम कुठे घालायचा

सगळ्यात सोपी जागा म्हणजे खादाड प्रोग्रॅम स्वतः. महत्त्वाच्याला पुढे काढण्यापेक्षा बिनघाईच्याला आवरणं सोपं असतं. वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्ह या दोन्हींच्या सेटिंग्जमध्ये अपलोड आणि डाउनलोडचा वेग बांधून देता येतो. इथे एककाचा घोळ सांभाळा. तुमचा प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि हे प्रोग्रॅम बहुधा किलोबाइट विचारतात. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून १० एमबीपीएसचा अपलोड म्हणजे १,२५० किलोबाइट प्रतिसेकंद. बॅकअपला त्यातले ५०० द्या. गणपतीचे ५ जीबी फोटो सव्वा तासाऐवजी पावणेतीन तासांत चढतील. त्यांची वाट बघत कोणी बसलेलं नाही.

गेमसाठी स्टीम असेल तर त्याच्या 'डाउनलोड्स' पानावर वेगाची मर्यादा आणि आपोआप अपडेट करण्याची वेळ, दोन्ही ठरवता येतात. मध्यरात्रीनंतरची वेळ द्या. जुन्या वाचकांना आठवेल, बीएसएनएलच्या 'डेटावन'च्या काळात काही योजनांवर रात्री २ ते सकाळी ८ वापर मोफत असायचा आणि लोक गजर लावून उठून डाउनलोड सुरू करायचे. तेव्हा काटकसर पैशांची होती, आता रांगेची. आणि गजर आता प्रोग्रॅमच लावतो.

विंडोजच्या अपडेटसाठी 'विंडोज अपडेट'च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' शोधा. तिथे दोन गोष्टी बघायच्या. एक, पार्श्वभूमीवर चालणाऱ्या अपडेटला किती वेग द्यायचा. दुसरी जास्त महत्त्वाची: इंटरनेटवरच्या इतर संगणकांशी देवाणघेवाण करण्याचा पर्याय चालू असेल, तर तुमचा लॅपटॉप अनोळखी लोकांच्या संगणकांना अपडेटचे तुकडे पुरवत असतो, तुमच्या अपलोडमधून. शेजारधर्म चांगला, पण डॉक्टरांच्या कॉलच्या वेळी नको. घरातल्या संगणकांपुरता तो ठेवा.

काही प्रोग्रॅमना अशी सोयच नसते. त्यांच्यासाठी विंडोजवर नेटलिमिटरसारखा विकतचा प्रोग्रॅम मिळतो. तो प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी मर्यादा आणि वेगळा अग्रक्रम देऊ शकतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'पॉलिसी बेस्ड क्यूओएस' नावाची अंगचीच सोय आहे, पण तिचा लगाम बाहेर जाणाऱ्या मालापुरता चालतो, आणि मला विचाराल तर घरगुती वापराला ती जरा अवजडच आहे.

ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं फारसं काही करता येणार नाही. आयटी विभागाने तो कुलूपबंद केलेला असतो. त्यात व्हीपीएन चालू असला की त्याची सगळी रहदारी एकाच बंद बोगद्यातून जाते आणि आत मीटिंग आहे की फाइल, हे बाहेरून कळत नाही. अशा वेळी बाकीच्या यंत्रांना आवरा, किंवा राउटरकडे वळा.

राउटरकडे आलात तर

संगणकावरचा लगाम त्या संगणकापुरता. टीव्ही, फोन, मुलाचा दुसरा लॅपटॉप, सगळ्यांना एकत्र शिस्त लावायची तर ती राउटरवरच लावावी लागते, कारण रांग तिथे लागते. बऱ्याच राउटरमध्ये 'क्यूओएस' नावाचं पान असतं. त्यात तुमचा एकूण वेग भरायचा आणि कोणत्या यंत्राला अग्रक्रम द्यायचा ते निवडायचं. वेग भरताना मोजलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमी, साधारण ९० टक्के भरा. दहा टक्के सोडून द्यायला जिवावर येतं, पण त्यामुळेच रांग तुमच्या राउटरच्या हाती राहते. नाहीतर ती कंपनीच्या यंत्रात लागते आणि तिथे तुमचं काही चालत नाही.

याहून चांगला उपाय म्हणजे नंबर लावण्याची कटकट यंत्रावरच सोपवणं. व्हॅन जेकबसन आणि कॅथलीन निकल्स यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' ही पद्धत मांडली. रांगेत किती माल आहे यापेक्षा तो किती वेळ ताटकळतोय, हे ती बघते. तिच्या जोडीला प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग दिली, की किराणावाल्याचा न्याय आपोआप लागू होतो: काडेपेटीवाला पुढे, यादीवाला सावकाश. 'ओपनडब्ल्यूआरटी' या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या राउटरमध्ये 'एसक्यूएम' या नावाने ही सोय मिळते. राउटर विकत घेताना हे नाव विचारा; दुकानदार गोंधळला तर खोक्यावर शोधा.

या कामात कर्नाटकाचाही हात आहे, आणि ही गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. मंगळुरूजवळ सुरतकलला एनआयटीके हे अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. तिथले प्राध्यापक मोहित ताहिलियानी आणि त्यांचे विद्यार्थी यांनी अशाच वेगवेगळ्या रांगा लावणारी 'एफक्यू-पाय' ही पद्धत लिनक्ससाठी लिहिली. ती लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत गेली आणि ती आवृत्ती प्रसिद्ध झाली २९ मार्च २०२० ला. देशभर टाळेबंदी लागून तेव्हा चारच दिवस झाले होते आणि अख्खा भारत घरच्या इंटरनेटवर कोसळत होता.

त्याच आठवड्यात हाच प्रश्न देशपातळीवरही सोडवावा लागला होता. मोबाइल नेटवर्कवरचा भार पाहून नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन, हॉटस्टार, गूगल वगैरे कंपन्यांनी मोबाइलवरचे व्हिडिओ १४ एप्रिलपर्यंत ४८०पीच्या वर न दाखवण्याचं मान्य केलं. सिनेमा जरा धूसर दिसला, पण लोकांचे कॉल लागावेत हा हेतू. एरवी कंपन्यांना असा पक्षपात करायला मुभा नसते. नेट न्यूट्रॅलिटीचं तत्त्व जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मान्य केलं, त्यानुसार तुमचा पुरवठादार एका वेबसाइटला पुढे आणि दुसरीला मागे ढकलू शकत नाही. घराच्या उंबऱ्याच्या आत मात्र पक्षपात तुम्हीच करायचा आहे.

आणि तो कोणाच्या बाजूने, हे राउटर सांगत नाही. बहुतेक घरांत पगार आणणाऱ्याची मीटिंग आपोआप पहिली धरली जाते, किंवा जो सगळ्यात मोठ्याने ओरडतो त्याची. घरून शिकवणी घेणाऱ्या बाईंचा क्लास, आजींचा डॉक्टर, मुलीची नोकरीची मुलाखत, यांना कोणी रांगेत पुढे घेत नाही, कारण त्यांनी मागितलेलंच नसतं. खरं तर ही सगळी काडेपेटीची गिऱ्हाइकं आहेत. दोन मीटिंगा, एक क्लास आणि एक डॉक्टर मिळूनसुद्धा १५ एमबीपीएसच्या आत बसतात. तेवढे एकटा फोर-के सिनेमा मागतो. त्यामुळे 'तुझं महत्त्वाचं की माझं' हा वाद इथे घालावाच लागत नाही. अडवायचं ते बॅकअप, अपडेट आणि डाउनलोडला. त्या तिघांना भांडता येत नाही.

केबल तुटली तर

हा अनुभव बेंगळुरूकरांना वेगळा सांगायला नको. इथे फायबरच्या कितीतरी वायरी झाडांवरून आणि विजेच्या खांबांवरून लोंबत गेलेल्या असतात. कधी फांदी पडते, कधी रस्ता खोदला जातो, कधी बेसकॉमची माणसं खांबावरच्या अनधिकृत केबल कापून नेतात. मग घर फोनच्या हॉटस्पॉटवर येतं, आणि अग्रक्रमाचा प्रश्न खरा निकडीचा होतो तो तेव्हा. रोजचे दीड-दोन जीबी ही मर्यादा असलेला फोन आणि त्याला जोडलेला लॅपटॉप. लॅपटॉपला वाटतं वायफाय मिळालं, मग तो गेल्या आठवड्याची सगळी थकबाकी उरकायला घेतो. अर्ध्या तासात दिवसाचा डेटा संपतो आणि मीटिंग राहते बाजूला.

यावर उपाय एका मिनिटाचा आहे, पण तो केबल शाबूत असतानाच करून ठेवा. फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप एकदा त्याला जोडा. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये त्या जोडणीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मॅकवर असाच 'लो डेटा मोड' असतो. यामुळे विंडोज आपली बहुतेक अपडेट लांबणीवर टाकतं, वनड्राइव्ह थांबतं आणि उरलेला डेटा कॉलला मिळतो. ब्राउझरमध्ये उघडे ठेवलेले पंचवीस टॅब मात्र तुम्हालाच बंद करावे लागतील.

ही खूण त्या हॉटस्पॉटपुरतीच राहते. घरचं वायफाय परत आलं की काही बदलावं लागत नाही. लॅपटॉप आपोआप जुन्या शिस्तीवर येतो आणि राहिलेले फोटो ५०० किलोबाइटच्या चालीने वर जाऊ लागतात.